पप्पांवर निघणारा सिनेमा

माझ्या वडिलांवर सिनेमा निघणार होता, असं मी आज कोणाला सांगितलं तर समोरचा माणूस आधी हसतो आणि मग माझ्या तोंडाकडे बघून गंभीर होतो. खरंच निघणार होता. कॉलेजच्या एका फुटबॉल कोचची खरी गोष्ट. वसईची अनवाणी खेळणारी पोरं, समोर मुंबईचं मोठं कॉलेज, फायनल, आणि फायनलच्या दिवशी कोचने घेतलेला तो निर्णय. सगळं जमून आलं होतं. फक्त आमच्या घरात कोणाचा कोणावर विश्वास नव्हता, त्याला बिचारे सिनेमावाले काय करणार!

आम्ही तेव्हा कतारला, दोह्यात अल मुंतझाला राहायचो, एका जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. खाली एका मल्याळी माणसाची कॅफेटेरिया होती. लोक गाडीतून उतरायचे नाहीत, हॉर्न मारूनच चहा मागवायचे, त्यामुळे करक चहातल्या वेलदोड्याचा वास आणि हॉर्न हे दोन्ही दिवसभर आमच्या खिडकीत. हॉलमधला एसी सुरू झाला की चढावर निघालेल्या ट्रकसारखा घरघरायचा, म्हणून आमच्या घरात सगळेच ओरडून बोलायचे. आजही मी फोनवर किंचाळते असं माझी मुलं म्हणतात; तो त्या एसीचा दोष आहे, माझा नाही. आई हॉस्पिटलात नर्स होती. तिच्या ड्युट्यांवर आमचं जेवणखाण, झोपणं, भांडणं, सगळं ठरायचं. पप्पा एका बांधकाम कंपनीत टाइमकीपर होते. म्हणजे कामगार कधी आला, कधी गेला, एकाचं कार्ड दुसऱ्याने पंच केलं का, हे डोळ्यांत तेल घालून बघायचं. संशय घ्यायचाच त्यांना पगार मिळायचा, आणि ओव्हरटाइम ते घरी येऊन करायचे. टॅक्सीवाला मुद्दाम लांबून नेतोय, मासळीवाल्याने शिळा हामूर बर्फाखाली दडवलाय, वरचा भाडेकरू आपल्या डिशला वायर जोडून फुकटात टीव्ही बघतोय. बेल वाजली की दाराच्या भोकातून नीट बघायचे, माणूस ओळखायचे आणि तरीही "कोण आहे?" म्हणून दरडावायचे. मी इंग्रजी शाळेतली. मराठी सगळं कळायचं, पण उत्तर देताना तोंडातून इंग्रजीच बाहेर पडायची. ही पोरगी आपल्यापासून काहीतरी लपवायला इंग्रजीत बोलते, असंही पप्पांना वाटायचं. त्यात थोडं तथ्य होतं.

पण हेच पप्पा एकेकाळी वसईच्या कॉलेजात पास्कल सर होते. पी.टी. शिकवायचे आणि फुटबॉलच्या टीमचे कोच होते. ती गोष्ट आम्ही किती वेळा ऐकली असेल, देवच जाणे. दोह्यात तेव्हा चर्चची इमारत नव्हती. शुक्रवारी एका बंद कंपाउंडात मिस्सा व्हायची आणि शुक्रवार हाच आमचा रविवार होता. मिस्सेनंतर वसईची दोन-चार घरं आमच्याकडे जेवायला यायची. आई मैद्याचे गोल फुगे तळायची, चिकनचं इंद्याल करायची (डुकराचं मटण तिथे कुठून मिळणार), आणि कोणी नुकतं गावाहून आलेलं असलं तर ताटात सुकवलेल्या केळ्यांची सुकेळीही असायची. जेवण झालं की कोणीतरी मुद्दाम म्हणायचं, "सर, ती फायनल सांगा ना." पप्पा नाही-नाही करत टेबल मोकळं करायचे. खजुराचं भांडं म्हणजे आपला गोल, लोणच्याची बरणी म्हणजे त्यांचा. ग्लास म्हणजे आपली पोरं, वाट्या म्हणजे मुंबईवाले. मग ती वाट्या-ग्लासांची मॅच सुरू व्हायची.

"आमचा सेंटर फॉरवर्ड होता सायमन," पप्पा सांगायचे. "असा पोरगा मी पुन्हा बघितला नाही. चिखलात बॉल पडला तर बाकीचे बॉल शोधायचे आणि हा गोल करून परत आलेला असायचा. फायनल रविवारी. शनिवारी संध्याकाळी मी सायकलवरून चाललोय. बेंजामिनच्या घरावरून. बेंजामिन कोण? त्या मुंबईच्या कॉलेजचा कोच! राहायचा आमच्याच पलीकडच्या गावात. आणि त्याच्या फाटकातून कोण बाहेर येतो? माझा सायमन! बेंजामिनचा हात त्याच्या खांद्यावर! पोरगा मान खाली घालून उभा!" इथे पप्पा एक ग्लास उचलून टेबलाच्या अगदी कडेला उपडा घालायचे. "दुसऱ्या दिवशी मी त्याला बेंचवर बसवला. एक शब्द बोललो नाही. आणि तरी जिंकलो!" पाहुणे हळहळायचे, मान हलवायचे, एखादा म्हणायचा, "सर, तुमच्या जागी दुसरा कोणी असता तर हिंमत झाली नसती." पप्पांच्या तोंडावर तेव्हा जो उजेड यायचा तो मी एरवी कधी बघितला नाही. साइटवर दिवसभर हजेऱ्या तपासणाऱ्या माणसाकडे आयुष्यात मिरवायला तेवढं एकच होतं. आज मी त्यांच्या त्या वयाला येऊन पोचले आहे आणि मला त्याचं हसू येत नाही.

आता यातली मजा अशी, की तो सायमन कुठे दूर देशी नव्हता. तो माझ्या आईचा मावसभाऊ होता आणि आमच्या घरापासून गाडीने थोड्याच अंतरावर, उम्म सलाल मोहम्मदला, एका कतारी माणसाच्या शेतावर कामाला होता. व्हिसा आईनेच ओळखीपाळखी काढून मिळवून दिला होता. पप्पा तेव्हा म्हणाले होते म्हणे, "तुझा नातेवाईक आहे, तू बघ. माझ्या घरात मात्र तो नको." त्यामुळे सायमनमामा शुक्रवारी कधी आमच्याकडे आला नाही. मिस्सेला यायचा, मागे उभा राहायचा आणि शेवटच्या गाण्याआधीच निघून जायचा. नाताळात आई फराळाचं ताट घेऊन एखाद्या मैत्रिणीच्या गाडीतून त्याच्याकडे जायची, मलाही न्यायची. सायमनमामा ठेंगणा, पोट सुटलेला, हसरा माणूस. मला बघितलं की कोथिंबिरीची एक जुडी हातात द्यायचा, जणू चॉकलेटच. मी ती गाडीच्या डिकीत टाकायचे. लाच खाऊन टीमला विकणारा माणूस असा दिसतो, याचं मला आश्चर्य वाटायचं, आणि आई त्याच्यासाठी एवढं का करते याचं त्याहून जास्त.

सिनेमावाल्याला आमच्याकडे आणलं ते नाशिकच्या एका इंजिनियर काकांनी. त्यांनी एका शुक्रवारी वाट्या-ग्लासांची मॅच बघितली होती आणि पुण्याच्या आपल्या ओळखीच्या एका दिग्दर्शकाला सांगितली होती. त्याचं नाव निनाद. तिशीतला, खादीचा शर्ट, दोरीला अडकवलेला चष्मा, हातात छोटा व्हिडिओ कॅमेरा. पप्पांनी त्याला दाराबाहेर उभं करून आधी पासपोर्ट मागितला. खरंच मागितला! फोटो आणि तोंड आलटून पालटून बघितलं आणि मग विचारलं, "सिनेमा काढून तुम्हाला काय मिळणार?"

"सर, अशी माणसं लोकांना माहीतच नसतात," निनाद म्हणाला.

"मलाही माहीत नव्हतं मी अशी माणसं आहे," पप्पा म्हणाले आणि तो आत आला.

पप्पांना सुरुवातीला वाटलं हा इन्शुरन्स विकायला आलाय. मग वाटलं, कंपनीनेच हेरगिरी करायला पाठवलाय. पण निनादने पहिल्याच बैठकीत त्यांच्याकडून अख्खी फायनल दोनदा वदवून घेतली, मधे मधे "अरे बापरे" म्हणत, आणि संध्याकाळपर्यंत पप्पांचा संशय पार विरघळला. दुसऱ्या दिवशी त्यांनी केसांना कलप लावला. आईचं मात्र उलटं. निनाद तिला काकू म्हणायचा. आमच्यात सगळे आंटी म्हणतात, त्यामुळे त्या काकूनेच ती बिथरली, असं मला आधी वाटलं. चहा द्यायची, पण समोर बसायची नाही. स्वयंपाकघरात भांडी आपटत राहायची. तो गेला की म्हणायची, "मला हे लक्षण ठीक दिसत नाही. आपल्या घरातलं सगळं बाहेर चव्हाट्यावर कशाला?"

"चव्हाट्यावर काय? मी जिंकलोय, चोरी केलेली नाही," पप्पा म्हणायचे.

"तुम्ही नाही. पण सायमनचं नाव?"

"त्याने केलं, तो भोगेल. तुला का एवढा पुळका?"

आई वळून भांडी आपटायला लागली. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि ते पप्पांना दिसत नव्हतं म्हणून मी स्वतःच शोधायचं ठरवलं. शेवटी मी त्यांचीच मुलगी.

एका दुपारी शाळेतून लवकर आले तर हॉलमधला एसी बंद आणि आई फोनवर हळू आवाजात बोलत होती. आमच्या घरात हळू बोलणं हाच गुन्ह्याचा पुरावा. मला बघताच "बरं, ठेवते" म्हणून तिने फोन ठेवला.

"हू वॉज दॅट?"

"हॉस्पिटलचा फोन."

हॉस्पिटलशी ती मराठीत बोलत नसे. मी तिच्याकडे पप्पा बघायचे तसं बघितलं. पुढच्याच सुट्टीला ती म्हणाली, चल, सायमनकडे जाऊन येऊ. नाताळ नाही, ईस्टर नाही, भर उन्हात! मी गेले. ते दोघं शेतावरच्या पत्र्याच्या शेडखाली बसले आणि मी वांग्यांच्या वाफ्यांमध्ये फिरण्याचं नाटक करत कान लावून राहिले. आई रडत होती. सायमनमामा म्हणत होता, "लुसीबाय, तू एक अक्षर बोलायचं नाहीस. खलास. इतकी वर्षं गेली, आणखी थोडी जातील."

"अरे पण तुझी मोनिका लग्नाची आहे. अख्खी वसई सिनेमा बघेल. गद्दाराची मुलगी म्हणून कोण करून घेईल तिला?"

"बघू. तुझं घर आधी."

तुझं घर आधी! म्हणजे आईचं घर मोडेल असं काहीतरी या दोघांमध्ये होतं. मी तेव्हा बारावीत होते, हिंदी सिनेमे पोटभर बघितलेले, त्यामुळे माझ्या डोक्यात एकाहून एक भयंकर गोष्टी तयार झाल्या. सायमनमामाने टीम विकली ती आईच्या सांगण्यावरून. किंवा आईने तेव्हाच पप्पांना फसवलं होतं. किंवा याहून वाईट काहीतरी, जे मी इथे लिहिणार नाही कारण आई अजून हयात आहे आणि वाचते. परत येताना गाडीत मी दाराला चिकटून बसले. तिने विचारलं, "ऊन लागलं का गं?" मी म्हटलं, "आय एम फाइन," आणि खिडकीबाहेर बघत राहिले. त्या आठवड्यात मी तिने वाढलेलं जेवण निमूट जेवायचे आणि प्रत्येक घासाला तिला निरखायचे. एवढी वर्षं सोबत राहून ही बाई मला अनोळखी वाटायला लागली होती, आणि त्याची मला भीतीही वाटत होती.

इकडे निनाद एकटाच जाऊन सायमनमामाला भेटून आला. आल्यावर जरा गोंधळलेला होता. "विचित्र माणूस आहे," तो म्हणाला. "मी विचारलं, तुमची बाजू काय? तर म्हणाला, सर जे सांगतील ते खरं धरा."

पप्पांनी टेबलावर थाप मारली. "बघा! कबूल केलं ना शेवटी! लुसी, ऐकलंस का?"

आई दारात उभी होती. तशीच आत गेली. मला मात्र ते ऐकून कसंसंच झालं. खोटा आरोप असता तर माणूस भांडला असता. खरा असता तर सारवासारव केली असती, कोणावर तरी ढकललं असतं. हा माणूस दोन्ही करत नव्हता. माझ्या सगळ्या भयंकर गोष्टींमध्ये हे कुठेच बसत नव्हतं.

मग तो शुक्रवार आला. निनाद शनिवारच्या विमानाने परत जाणार होता आणि जाण्याआधी त्याला पप्पांकडून तो शेवटचा प्रसंग कॅमेऱ्यासमोर हवा होता, सायमनच्या नावासकट. "नाव खरं वापरलं की वजन येतं, सर. तुम्ही कॅमेऱ्यावर सांगितलंत की पुढे कोणी हरकत घेणार नाही." पप्पांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. आवाज नको म्हणून एसी बंद केला होता आणि आम्ही सगळे घामाने निथळत होतो. खालून हॉर्न येत होते ते वेगळेच. पप्पा घसा खाकरून सुरू झाले. सायकल, फाटक, खांद्यावरचा हात. "तो विकला गेला होता," ते म्हणाले, "आणि त्याचं नाव सायमन—"

"मी पाठवलं होतं त्याला."

आई स्वयंपाकघराच्या दारात, हाताला फुग्यांचं पीठ तसंच. पप्पांना आधी कळलंच नाही. "काय? कोणाला पाठवलं? मधे बोलू नकोस, रेकॉर्डिंग चाललंय."

"सायमनला बेंजामिनच्या घरी मी पाठवलं होतं. बेंजामिनच्या धाकट्या भावाशी माझं लग्न ठरलं होतं."

निनादने कॅमेऱ्याकडे हात नेला. "राहू दे चालू," आई म्हणाली. "एवढं ऐकलंत ना, आता हेही घ्या."

वसईत आमच्या लोकांत लग्न ठरतं तेव्हा ते दोन घरांच्या पलीकडे कोणाला सांगत नाहीत. कोणीतरी मोडता घालेल, नजर लावेल. मग रविवारच्या मिस्सेत फादर नावं वाचतात, अमक्याचा मुलगा, तमक्याची मुलगी, कोणाची हरकत असेल तर सांगा. पहिल्यांदा नावं वाचली गेली की गोष्ट गावाची झाली. त्यानंतर लग्न मोडलं तर मुलीचं आयुष्य गेलं, तिच्यातच काही खोट असणार असंच लोक म्हणणार. आणि नावं वाचायच्या आधी मोडलं, तर ते ठरलंच नव्हतं असं दोन्ही घरं धरून चालतात आणि मरेपर्यंत तोंड उघडत नाहीत. आईचे वडील नव्हते. तिच्या आईने स्थळ ठरवून टाकलं होतं. आईला तो मुलगा पसंत नव्हता, पण हे बोलायचं धाडस झालं ते थेट शनिवारी दुपारी. दुसऱ्या दिवशी सकाळी नावं वाचली जाणार होती. घरात पुरुष माणूस नाही, वडीलधाऱ्यांपैकी कोणी जायला तयार नाही. मग ती सायमनच्या पाया पडली. तो बेंजामिनला फुटबॉलमुळे ओळखायचा, आणि त्या घरात बेंजामिनचाच शब्द चालायचा.

"तो म्हणाला, लुसीबाय, उद्या फायनल आहे," आई सांगत होती. "मी म्हटलं, तुझी फायनल उद्या आहे, माझी आज आहे. गेला बिचारा. बेंजामिन भला माणूस. म्हणाला, बरं झालं वेळेत सांगितलंस. फादरांना मी सांगतो. पण बाहेर कुठे बोलू नकोस, तुझ्या बहिणीचं नाव खराब होईल. ते सांगताना खांद्यावर हात ठेवला असेल. तेवढंच तुम्ही बघितलंत."

पप्पांचं तोंड उघडं होतं. ते म्हणाले, "म्हणजे... माझ्यासाठी?"

"तुमच्यासाठी?" आई रडता रडता हसली. "तेव्हा तुम्ही कोण होतात माझे! मैदानावर बोंबलणारा एक माणूस. मला तो मुलगा आवडला नव्हता, बस. हसताना तोंडावर हात धरायचा. आपलं तर नंतर कितीतरी दिवसांनी जमलं."

"मग लग्नानंतर तरी सांगायचं!"

"सांगणार होते. पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला ही फायनल सांगितलीत. तुमचे डोळे असे चमकत होते... मी म्हटलं, उद्या सांगू. मग तुम्ही म्हणालात, त्या बेंजामिनच्या घराशी संबंध ठेवणाऱ्याशी माझा संबंध नाही. मी घाबरले. मला वाटलं, हा माणूस खांद्यावरच्या एका हातावरून एवढा संशय घेतो, माझ्यावर काय काय घेईल! मग ही झाली, मग इकडे आलो. जेवढं लांबलं तेवढं अवघड झालं. फायनलच्या दिवशी बँकेच्या टीमची माणसं सायमनला बघायला आली होती, ठाऊक आहे ना तुम्हाला? त्याला नोकरी लागणार होती. तो बेंचवर बसला आणि नोकरी गेली. आज तो दुसऱ्याच्या शेतात वांगी लावतोय. माझ्यामुळे."

मग तिने पदराला हात पुसले आणि जे बोलली ते आवाज न चढवता बोलली. "पण तुम्ही त्याला विचारलंत का हो? त्या दिवशी नाही, मग नंतर? इतक्या वर्षांत एकदा तरी?"

निनादने कॅमेरा केव्हा बंद केला ते मला कळलं नाही. तो वाईट माणूस नव्हता. खुर्चीच्या कडेवर बसून चष्म्याच्या दोरीशी चाळा करत होता. पप्पा शेवटी त्याला म्हणाले, "जसं झालं तसं दाखवा. कोचने मुलाला न विचारता बसवलं, मुलगा निर्दोष होता. असंच दाखवा."

"सर, पण मग क्लायमॅक्सचं काय?" निनाद फार हळू म्हणाला. "हिरो चुकतो हे चालतं. पण हिरो चुकतो आणि तरी जिंकतो, हे प्रोड्यूसरला कसं सांगू?"

"मग नका काढू," पप्पा म्हणाले.

त्याने नाही काढला. पुढे काही वर्षांनी त्याने दुसऱ्याच कुठल्या तरी कोचवर सिनेमा काढला म्हणतात. मी तो बघितला नाही. आमच्याकडे शुक्रवारी पुन्हा लोक जेवायला आले, पण ग्लास आणि वाट्या पाण्यासाठी आणि आमटीसाठीच टेबलावर आल्या. पप्पांच्या तोंडावरचा तो उजेड गेला तो गेलाच, हे मला कबूल केलं पाहिजे. खरं बोलल्याने सगळं छान होतं असं जे सांगतात, ते त्यांच्या घरी होत असेल.

त्या दिवशी मात्र निनाद गेल्यावर पप्पांनी घामेजलेला पांढरा शर्ट न बदलताच गाडीची किल्ली उचलली. "चला," ते म्हणाले. आई न विचारता चप्पल घालून निघाली. मीही मागे बसले. मला आईची माफी मागायची होती, जे जे मनात आणलं होतं त्याबद्दल, पण ती तर बोलून दाखवण्यासारखी गोष्टच नव्हती. मी मागून नुसता तिच्या खांद्याला हात लावला. तिने मान न वळवता माझी बोटं धरली आणि उम्म सलाल येईपर्यंत सोडली नाहीत.

ऊन उतरलं होतं. सायमनमामा पाइप घेऊन कोथिंबिरीला पाणी देत होता. गाडीतून पप्पा उतरताना दिसले तसा त्याचा चेहराच उतरला. पाइप हातातून सुटला. "काय झालं? घरी सगळे बरे आहेत ना? वसईहून फोन आला का?" पास्कल सर आपल्या दारात येतात म्हणजे कोणीतरी गेलं असणार, असंच त्याला वाटलं. आई नाही-नाही म्हणून हात हलवत होती, पण तिला हुंदका आवरेना, त्यामुळे तो आणखीच घाबरला.

पप्पा त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. ओठ हलत होते आणि आवाज येत नव्हता. साइटवर शंभर माणसांना दरडावणारा माणूस! मग ते म्हणाले, "सायमन, त्या शनिवारी तू बेंजामिनकडे कशाला गेला होतास?"

मला इतका राग आला! सगळं कळल्यावर हे काय विचारणं? सरळ हात जोडायचे सोडून पुन्हा चौकशी? मी पुढे होऊन काहीतरी बोलणार होते, पण आईने माझा दंड धरला.

सायमनमामाने पप्पांकडे बघितलं, मग आईकडे. ती का रडतेय हे त्याला कुठे ठाऊक होतं? त्याच्या लेखी गुपित अजून गुपितच होतं आणि लुसीबायचं घर अजून त्याच्याच जिभेवर होतं. पाइपचं पाणी वाहत वाहत त्याच्या चपलांपाशी आलं, तरी तो हलला नाही. दोन्ही हात अंगाशी घेऊन सरळ उभा राहिला.

"घरचं काम होतं, सर," तो म्हणाला. "सांगण्यासारखं नव्हतं."

पप्पांनी मान हलवली. त्यांचे डोळे वाहत होते आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

"बरं," ते म्हणाले. "मग उद्या तू खेळतोयस."

सायमनमामा तिथेच, वाफ्याच्या ओल्या कडेवर, मटकन खाली बसला.